शेजारचे ठसे

हे गेले तरी माझी चाल काही बदलली नाही, अशी माझ्या नणंदेची तक्रार आहे.

"वहिनी, आता कुणासाठी रेंगाळतेस?" बसथांब्याकडे जाताना वन्सं पुढे जातात, मागे वळतात आणि विचारतात. "मला दुकान उघडायचंय. तुझी जनावरं काय, मेलेलीच आहेत. ती कुठे पळून जात नाहीत."

वन्सं औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळतात. लग्न त्यांनी केलं नाही. आधी भावाकडे राहिल्या, आणि भाऊ गेल्यावर माझ्याबरोबर. बोलणं फटकळ, पण माझ्या सकाळच्या दिव्याचं तेल संपत आलं की बाटली न सांगता भरलेली असते.

यांचा डावा पाय लहानपणच्या तापात आखूड राहिला होता. त्या पायातल्या बुटाला जाड तळ लावून घेतलेला असे. तरी एक पाऊल लांब पडायचं, एक आखूड. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं बाहेर निघालो तेव्हा मी बोलत बोलत माझ्या वेगानं कोपऱ्यापर्यंत गेले आणि शेजारी बघते तर हे नाहीत. मागे राहिले होते, घाईघाईनं येत होते, वर हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी पावलं आखूड केली, आणि पुढे ती माझीच झाली.

वाटेत मध्येच त्यांचा पाय भरून यायचा. तसं म्हणायचे नाहीत. "थांब गं, नाडी सुटली," म्हणायचे आणि बुटाशी वाकायचे. नाडी सुटलेली नसायची. मग मी एखाद्या दुकानाची पाटी वाच, कुणाच्या खिडकीतल्या कुंड्या बघ, असं काहीतरी करत उभी राहायची. नाडी बांधून झाली की निघायचो. इतकी वर्षं आम्ही हे केलं. मला कळतं हे त्यांना कळत होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

मी संग्रहालयात चित्रकार आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं दगडात सापडतात. आमच्याकडे संगणकावर त्या हाडांची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, तिच्यावर मी स्नायू चढवते, कातडी चढवते, डोळा भरते, मागे झाडं आणि आभाळ काढते. "मेलेल्यांना कपडे शिवते ती," असं वन्सं पाहुण्यांना सांगतात. रंग बहुतेक माझ्या मनाचे, कारण दगडात रंग क्वचितच उरतो. बाकी मात्र दगडात जे नाही ते विचारल्याशिवाय काढायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

संगणकाचं काम बघणारे गृहस्थ कडक इस्त्रीचे शर्ट घालतात आणि स्कॅन केलेल्या दगडाचे खाचखळगे पडद्यावर अशा मायेनं गुळगुळीत करतात, की सगळे त्यांना इस्त्रीभाऊ म्हणतात. त्यांनाही ते आवडतं. विभागाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, तरी मोठ्या बाईच.

शहराबाहेरच्या एका दगडाच्या खाणीत तळाशी पावलांचे ठसे निघाले, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली. तीन बोटांचे, माझ्या दोन्ही तळहातांत मावणार नाहीत एवढे. कुठल्याशा जुन्या पाणथळ काठावरून दोन पायांवर चालणारा, पाला खाणारा एक प्राणी गेला होता, आणि त्याच्या शेजारून दुसरा. खाण बंद व्हायची होती. पाणी उपसणारे पंप थांबले की तळ बुडणार होता आणि ठसे कायमचे पाण्याखाली जाणार होते. दगड उचलून आणावा म्हटलं तर तो जागोजागी तडकलेला. म्हणून ठरलं, की हजारो फोटो काढायचे, त्यांतून संगणकावर अख्खा तळ उभा करायचा आणि त्याची प्रतिकृती आमच्या मोठ्या दालनाच्या जमिनीत बसवायची. मागच्या भिंतीवर माझं चित्र.

फोटो काढायला सगळे गेले तेव्हा मी पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी घेऊन गेले. ती ठशांवर अंथरायची आणि मार्करनं कडा गिरवायच्या, ही आमची जुनी पद्धत. धुळीत गुडघे टेकून मी गिरवत होते, डोक्यावर इस्त्रीभाऊ कॅमेरा घेऊन उभे.

"ताई, माझ्याकडे सगळं येतंय की यात. तुम्ही कशाला कष्ट घेताय?"

"तुमच्या कॅमेऱ्याला गुडघे नाहीत, भाऊ. माझ्या हाताला कळल्याशिवाय मला काढता येत नाही."

"मग हाताला सांगा लवकर कळून घे म्हणावं. पंपवाला घड्याळ बघतोय."

गिरवून झाल्यावर मी उठले आणि पाय मोकळे करायला त्या ठशांच्या बाजूबाजूनं खाणीच्या भिंतीपर्यंत चालत गेले. पावलं सहज पडत गेली. कुठे अडखळायला झालं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

परत आल्यावर इस्त्रीभाऊंनी आठवडाभर खपून सगळे तुकडे जोडले आणि पहिल्या प्राण्याची वाट मूळ मापात कागदाच्या लांब पट्टीवर छापून दिली. जनावर कसं चालत होतं, अंग कुठे झुकत होतं, हे ठरवायला मला ती लागते. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी पट्टी मार्गिकेत अंथरली, चपला काढल्या आणि शेजारून चालू लागले.

जमेना. माझं पाऊल पुढे, ठसा मागे. मग ठसा पुढे, मी मागे. मला वाटलं, माझंच लक्ष नाही. पुन्हा सुरुवातीपासून चालले. पुन्हा तेच. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई नाच शिकतेय. खाणीत तर पाय कसे अलगद पडत होते! मी खोलीत जाऊन प्लास्टिकची गुंडाळी आणली आणि पट्टीवर पसरली. पहिले काही ठसे जुळले. मग जुळेनात.

जेवून हात पुसत इस्त्रीभाऊ आले, तर मी जमिनीवर बसलेली.

"काय हरवलं ताई?"

"भाऊ, हे तुकडे जोडताना तुम्ही आधार कशाचा धरलात?"

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मधल्या भागात पंपाचं पाणी पसरलं होतं. तिथे मापासाठी चिकटवलेले खुणेचे चौकोन निघून वाहून गेले, आणि फोटोतल्या तुकड्यांमध्ये फटी राहिल्या. "मग मी म्हटलं, प्राणी चालतोय. चालणारा सारखीच पावलं टाकणार. तेवढं अंतर सारखं धरलं, आणि काय सुंदर बसलं बघा सगळं! एक सांधा दिसतोय का?"

"तो सारखी पावलं टाकत नव्हता."

"कशावरून?"

मी प्लास्टिकवर बोट ठेवलं. लांब. आखूड. लांब. आखूड. आखूड पावलानंतरच्या ठशात बोटं पुसट आणि टाच खोल. इस्त्रीभाऊ उकिडवे बसले. चष्मा काढून शर्टाला पुसू लागले. इस्त्रीच्या शर्टाला त्यांनी कधी काही पुसलं नव्हतं.

"अरे देवा," ते म्हणाले. "ताई, मी त्याचा पाय बराच करून टाकला की!"

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. त्यांना वाटलं मी रागावले.

"करतो, परत करतो. फोटोंत मोजायची टेप दिसतेय कुठे कुठे, तुमचं प्लास्टिक आहे. पण आता सगळं तपासायचं तर मला एक न् एक फोटो बारकाईनं बघावा लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे. पण त्याचं लंगडणं त्याला परत द्या."

मोठ्या बाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "यापुढे तुम्ही कुठली गोष्ट सारखी धरलीत की मला आधी सांगत जा," आणि उद्घाटन पुढे ढकललं. तोवर खाणीतले पंप थांबले होते. तळावर पाणी चढलं होतं. परत जाऊन बघायची सोय राहिली नव्हती. जे काही होतं ते फोटोंत आणि माझ्या प्लास्टिकवर.

नवं जोडकाम झालं तेव्हा पडद्यावर तो पहिला प्राणी नीट लंगडत गेला. आणि दुसऱ्या वाटेकडे तेव्हाच आमचं खरं लक्ष गेलं. दुसरा प्राणी पायानं मोठा होता, लांब ढांगा टाकू शकेल असा. पण त्याच्या सगळ्या ढांगा आखूड होत्या. पहिल्याच्या शेजारून, वळेल तसा वळत, तो छोट्या छोट्या पावलांनी गेला होता. एका जागी पहिला थांबला होता, दोन्ही पाय जवळ घेऊन. त्या जागेच्या शेजारी दुसऱ्याचेही दोन्ही पाय जवळ.

"हा का थांबला असेल?" इस्त्रीभाऊंनी पडद्यावरच्या पहिल्याकडे बोट दाखवत विचारलं.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं, नाडी सुटली असेल. मी गिळलं.

मोठ्या बाईंनी चष्म्यातून आणि चष्म्यावरून दोन्हीकडून बघितलं. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण दोघं बरोबर चालले असं भिंतीवर दाखवायचं असेल तर मला पुरावा हवा. शेजारी शेजारी ठसे म्हणजे सोबत, असं होत नाही. आपल्या जिन्यावरून दिवसभर माणसं शेजारी शेजारी जातात. त्या थांबलेल्या जागी दोघांच्या ठशांच्या कडा एकमेकींना लागल्यात. तेवढा भाग सगळ्यात बारीक काढा, कुठेही गुळगुळीत करू नका. चिखल दोघांच्या वेळी सारखाच ओला असेल तर ते तिथे कळेल. तोवर ताई, तुम्ही कोळशानं कच्चं काढून ठेवा. रंग नको."

मी त्याच दिवशी शिडी चढले.

काय सांगू, इतकं सोपं काम मला आयुष्यात कधी पडलं नव्हतं. एरवी मी हजार संदर्भ काढते. या खेपेला काही उघडून बघावं लागलं नाही. आखूड पायावर भार आला की दुसरा खांदा कसा वर जातो, मान कशी तो तोल सावरते, पुढचं पाऊल टाकायच्या आधी क्षणभर अंग कसं विचार करतं, सगळं कोळशाच्या टोकात होतं. शेजारी मी दुसरी काढली. नर की मादी हे दगडात नाही, तरी मी तिला मनात दुसरी म्हणू लागले होते. ती मोठी, पाय आवरून चालणारी, त्याच्याकडे न बघता त्याच्या बाजूनं.

एका दुपारी वन्सं दुकानातून माझा घरी विसरलेला चष्मा घेऊन आल्या. शिडीखाली उभ्या राहून त्यांनी वर बघितलं. बघत राहिल्या.

"याला फक्त शर्ट घालायचा राहिलाय," त्या म्हणाल्या. चष्मा शिडीच्या पायरीवर ठेवला आणि निघाल्या. दारापाशी जाऊन परत वळल्या. "आणि ती शेजारची जाडी दाखवलीयस, ते बरोबर आहे."

माझा एक जुना नेम आहे. सकाळी दिवा लावायचा, आणि तो आपोआप विझेपर्यंत बोलायचं नाही. त्या वेळात देवाचं नाव घ्यायचं, पण काही मागायचं नाही. हे आजारी होते तेव्हासुद्धा मी मागितलं नव्हतं. ज्याचं त्याला कळतं, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. पण त्या दिवसांत दिव्यासमोर बसले की मागणं आपसूक वर यायचं. त्या दोघांना बरोबर असू दे. एवढं लांबचं, दगड होऊन गेलेलं, त्यात तुझं काय जातं? बरोबर असू दे. मग मला माझीच लाज वाटायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून नाव घ्यायची.

अशीच एक सकाळ. दिवा निम्म्यावर आला होता. माझा फोन वाजला. वन्संनी तो उचलला, नाव बघितलं आणि स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

"बोला इस्त्रीभाऊ. ती आत्ता बोलायची नाही, पण ऐकतेय."

"नंतर करू का?"

"नंतर ती शिडीवर असते. सांगून टाका."

ते म्हणाले, "ताई, तो भाग झाला काल. मी तीनदा तपासला. मला वाटलं माझंच पुन्हा काही चुकलं असेल, देवाशपथ तसंच निघावं अशी इच्छा होती. लंगड्यानं पाय दाबला तेव्हा चिखल मऊ होता. बोटांमधून वर आलाय, कड गोल आहे, लोण्यासारखी. दुसऱ्याचा पाय त्याच कडेवर पडलाय. पण ती कड दबली नाही ताई. ती मोडलीय. तुकडे झालेत तिचे, पापडीसारखे. म्हणजे तोवर वाळलं होतं. तो नंतर आला. किती नंतर ते सांगता येत नाही. एखादा दिवस, दोन दिवस. पण लंगडा तेव्हा तिथे नव्हता."

मी दिव्याकडे बघत होते. मला खूप काही विचारायचं होतं. कड मोडली ती मागाहून दगड तडकल्यानं कशावरून नाही? दुसऱ्या ठशाच्या कडा कशा आहेत? तुम्ही संगणकावर पुन्हा काही गुळगुळीत केलं नाहीत ना? एकही शब्द काढता येत नव्हता. आणि वात जळत होती तसतसे ते प्रश्न एकेक करून बसत गेले, कारण त्यांची उत्तरं मला ठाऊक होती. मीच त्यांना एक न् एक फोटो बघायला लावला होता.

"ठेवते," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या. फोन ठेवून त्या माझ्याजवळ खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या कधी खाली बसत नाहीत. दिवा विझला तरी आम्ही दोघी तशाच होतो.

मी कामावर जाऊन स्वतः बघितलं. पडद्यावर ठसा किती खोल त्याप्रमाणे रंग दिलेले होते. पहिल्याची गोल कड, तिच्यावर दुसऱ्याचं एक बोट, आणि बोटाखाली बारीक बारीक मोडलेल्या पापड्या. शंकेला जागा नव्हती. दुसऱ्याचे बाकीचे ठसे उथळ होते, कडा तडकलेल्या. कोरड्या होत चाललेल्या जमिनीवरून तो एकटा गेला होता.

"मग हा आखूड का चालला?" इस्त्रीभाऊ म्हणाले. "चिखलात घसरायची भीती म्हणावं, तर चिखल राहिला नव्हता. आणि तिथेच का थांबला?"

"माहीत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "वास घेत थांबला असेल. पाय दुखत असेल. पाटीवर तसंच लिहायचं, कारण माहीत नाही." मग माझ्याकडे वळल्या. आवाज जरा खाली आणला. "ताई, भिंतीवर दोघं राहू शकत नाहीत. एकाला काढावं लागेल. लंगडा ठेवू या. लोक त्यालाच बघायला येणार. आणि खरं सांगते, तुम्ही तो असा काढलाय की माझ्यानं बघवत नाही."

मला हो म्हणायला काही अडचण नव्हती. तो राहिला असता. रोज कामावर आले की दारातून दिसला असता, खांदा वर, मान कलती. दुसरीला पुसायचं आणि त्याला रंगवायचं, एवढंच. त्याच्या कातडीचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता.

"मला एक दिवस द्या," मी म्हटलं.

त्या दिवशी मी काही काढलं नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर बसून भिंतीकडे बघत राहिले. दुसरीला काढून टाकलं तर काय उरतं, हे डोळ्यांपुढे आणून बघितलं. तो ओल्या चिखलातून एकटा चाललाय. त्याच्या शेजारी कुणी नाही, आणि कुणी येणार आहे हे त्याला माहीत नाही. हे खरंच होतं. त्या दिवशी तसंच झालं होतं. पण यांना मी एकटं चालताना कधी बघितलं नव्हतं. ते पहिल्या दिवसाचं कोपऱ्यापर्यंतचं सोडलं तर कधीच नाही. ते मला काढता येणार नव्हतं, आणि काढलं असतं तर मला त्याच्यासमोरून रोज पुढे निघून जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"मला नंतरचा दिवस काढायचाय," मी म्हटलं. "जमीन वाळलेली, त्याचे ठसे उमटलेले, आणि ही त्यांच्या शेजारून चाललीय. हे सगळं दगडात आहे. मनाचं काही घालत नाही."

"आणि तुमचा लंगडा?"

"तो खाली जमिनीत आहे ना. लोक त्याच्याच शेजारून चालणार आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

मी मान हलवून हो म्हटलं.

कोळसा पुसायला मऊ चामड्याचा तुकडा लागतो. इस्त्रीभाऊ म्हणाले, "ताई, मी पुसतो, तुम्ही चहा घेऊन या." मी नको म्हटलं. त्यांनी शिडी धरली. खरं तर ती शिडी न धरता पक्की उभी राहते. मी शेपटीपासून सुरुवात केली. मग पाठ, मग तो आखूड पाय. खांद्यापाशी आल्यावर हात थांबला. चामडं घडी करून स्वच्छ बाजू वर घेतली आणि खांदाही पुसला. काळी भुकटी खाली इस्त्रीभाऊंच्या शर्टावर पडत होती. त्यांनी झटकली नाही.

मग रंगकाम सुरू झालं आणि नेहमीसारखं झालं. पाणी ओसरलेला काठ, कडेची हिरवी खुरटी नेची, सकाळचं तिरपं ऊन. दुसरीला मी मातकट रंग दिला, पोटाशी फिकट. तिची मान मोठ्या बाईंना खाली हवी होती, ठशांकडे बघणारी. मी सरळ ठेवली. वाट पायांना माहीत असली की खाली बघावं लागत नाही. बाईंनी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

जमिनीतली प्रतिकृती बसवून झाली. यंत्रानं कोरलेल्या पट्ट्यांवर दगडी रंगाचा कठीण लेप दिलेला होता, आणि या खेपेला इस्त्रीभाऊंनी एकही कड गुळगुळीत केली नव्हती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घरच्यांना बघायला बोलावतात. वन्सं दुकानातून परस्पर आल्या. हातात पिशवी, पायांत नेहमीच्या पट्ट्याच्या चपला.

"यावरून चालायचं?"

"बाजूनं चाला. ही लंगड्याची वाट, ही दुसरीची."

वन्संची चाल म्हणजे काउंटरमागच्या माणसाची, इकडून तिकडे झपझप. मला वाटलं, त्या चार ढांगांत भिंतीपाशी पोचतील आणि म्हणतील, झालं का बघून, बस चुकेल. पण त्यांनी पहिल्या ठशापाशी पाय ठेवला, मग दुसऱ्यापाशी, आणि तिसऱ्याला त्यांचा वेग उतरला. लांब. आखूड. लांब. आखूड. मी त्यांच्या शेजारून चालत होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या पुढे नव्हत्या.

दोघांचे पाय जिथे थांबले होते ती जागा आली. तिथे मोडलेली कड इतकी बारीक आहे, की सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. मी ती दाखवायला बोट पुढे केलं.

"थांब गं जरा," वन्सं म्हणाल्या, "पट्टा सुटलाय." आणि पिशवी खाली ठेवून त्या चपलेशी वाकल्या.

पट्टा घट्ट लावलेला होता. मला वरून स्पष्ट दिसत होता.

मी बोट मागे घेतलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिले. डाव्या कोपऱ्यातल्या नेच्यांचा हिरवा रंग जरा जास्तच झाला होता. तो मी पुन्हा पुन्हा बघितला. वन्सं पट्टा लावत होत्या. त्यांना हवा तेवढा वेळ लागला. मग त्यांनी पिशवी उचलली, नाक पुसलं, आणि आम्ही दोघी तशाच, हळू, पुढे निघालो.